अमरांच्या घरी सुतक कोण धरणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका तरुण लेखिकेने ४० हजार शब्दांची कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. महाल भागातला एक जुना वाडा. त्यात भोसल्यांच्या काळापासून जिवंत असलेली एक दाई, कित्येक शतकं काळाला चुकवत आलेला एक योगी आणि अंगणातल्या पिंपळावर राहणारा आठ वर्षांचा मुंजा. त्यांच्यात भाड्याची खोली घेऊन राहायला येते २६ वर्षांची नर्स. सूर हलका, खेळकर. वाचलेल्या चारही जणांनी एकच सांगितलं, 'गोड आहे, पण आत लागत नाही.' लेखिका विचारते: ज्यांना मरणच नाही त्यांच्या गोष्टीत ताण कुठून आणायचा? रक्ताचं नातं नसलेली ही माणसं एक घर झाली हे कसं दाखवायचं? आणि मरण आत आणलं तर हसणं टिकेल का?

गेली २८ वर्षं मी नागपुरात बसून कादंबऱ्यांचं संपादन करते आहे, त्यातल्या बऱ्याच अद्भुताच्या. तुमचं हस्तलिखित मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना समासात एकच प्रश्न वारंवार लिहीत गेले: इथे सुतक कुणाला? तुमच्या ४० हजार शब्दांत कुणीही कुणाचं सुतक धरत नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची गाठ मला तिथेच दिसते.

दाईचंच घ्या. तिचा नवरा गेला असेल, मुलं गेली असतील, नातवंडं-पतवंडं म्हातारी होऊन तिच्या डोळ्यांदेखत गेली असतील. तुम्ही लिहिलंय, 'तिने खूप मरणं पाहिली होती.' हे एक वाक्य आलं आणि पुढच्या ओळीत ती सांबारवडीचं सारण परतायला लागली. वाचक त्या वाक्यावर थांबत नाही, कारण थांबायला तिथे काही नाही. तिचा थोरला कुठल्या महिन्यात गेला, तेव्हा चुलीवर काय होतं, त्या दिवसानंतर तिने कुठला पदार्थ सोडला, यातलं एक तरी हवं. दोनशे वर्षांतलं एकच मरण निवडा आणि तेवढंच जवळून दाखवा. बाकीची वाचक आपणच मोजतो.

पण त्याआधी एक पाया पक्का करावा लागेल: तुमच्यातला प्रत्येक जण मरत का नाही? आपल्या परंपरेत अमरपण एकाच जातीचं नाही. सात चिरंजीवांचा श्लोक लहानपणी पाठ असतो. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम, सगळे एका दमात म्हणून टाकतो आपण. पण त्यांना एका पंगतीत बसवून पाहा. अश्वत्थाम्याचं न मरणं ही शिक्षा आहे. झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारलं, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, म्हणून कपाळीचा मणी गेला आणि ३००० वर्षं भटकण्याचा शाप मिळाला. नर्मदेची परिक्रमा करून आलेले लोक आजही सांगतात, भळभळत्या जखमेवर घालायला तेल मागणारा एक उंच माणूस त्या झाडीत भेटतो. बळीचं न मरणं म्हणजे वाट पाहणं. त्याचं राज्य पुन्हा येवो म्हणून दिवाळीत आपल्याकडे बाया ओवाळतात. मार्कंडेय तर या सातांतही नाही, तो आठवा. त्याच्या नशिबी आयुष्यच १६ वर्षांचं. यम आला तेव्हा तो पिंडीला मिठी मारून बसला, वाचला, आणि सोळाचाच राहिला. एकाला शिक्षा, एकाला वाट, एकाला मिठी. तुमच्या तिघांना मात्र मरण 'येत नाही' एवढंच आहे, आणि त्यामुळे ती तिघं एकसारखीच वाटतात, एकाच गोड आवाजात बोलतात.

योग्यासाठी तुम्हाला दूर जायची गरजच नाही. चांगदेव आहेत. परंपरा सांगते की योगबळावर मरणाची वेळ टाळत टाळत ते १४०० वर्षं जगले. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली तेव्हा त्यांना पत्र लिहायला बसले, आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, की ज्ञानाने मोठे म्हणून 'तीर्थरूप'? ठरेना, म्हणून कोरा कागदच पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, १४०० वर्षं जगूनही चांगदेव कोरे ते कोरेच. पुढे हा वाघावर बसून येणारा योगी त्या कोवळ्या मुलीचा शिष्य झाला.

ही गोष्ट आपण चमत्काराची म्हणून ऐकतो, भिंत चालली म्हणून ऐकतो. तुमच्या कामाची बाजू निराळी आहे. ती चार भावंडं अनाथ होती. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलेलं, पोरांना वाळीत टाकलेलं. चौदा शतकं एकटा हिंडलेला म्हातारा शेवटी कुणाच्या दाराशी आला, तर ज्यांच्या घरात मोठं माणूस उरलं नव्हतं त्यांच्या. आणि ज्यांच्याकडे तो शिकायला आला ती पोरं किती जगली? ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, मुक्ताबाई १२९७ मध्ये गेली. ज्याने मरण चौदाशे वर्षं लांबवलं, त्याची गुरू विशीच्या आत गेली. तुमच्या कादंबरीचा सगळा माल या एका कथेत आहे: अमर, मरणारी, आणि जोडलेलं घर. चांगदेवांना नावानिशी आत आणू नका, ती वाट फार रुळलेली आहे. पण तुमचा योगी मरण का चुकवतो याचं उत्तर त्यांच्याकडून घ्या. माझ्या वाचनात तो भित्रा नाही. त्याला काहीतरी शिकायचं राहिलंय, आणि ते राहिलंय हे कबूल करण्याइतका लहान त्याला होता येत नाही.

मायन्यावरून आठवलं, 'चिरंजीव' या शब्दाचा तुम्ही अजून काहीच उपयोग केलेला नाही. आपण प्रत्येक पोराला कागदावर अमर म्हणतो. लग्नाच्या पत्रिकेत नवरदेव चि., आणि त्याच पत्रिकेत खाली आजोबांच्या नावामागे कै. मराठी माणसाचा सगळा प्रवास या दोन अक्षरांमधला. तुमचा मुंजा कायमचा चि. आहे. नर्सने एखाद्या दुपारी वहीच्या मागच्या पानावर वाड्यातल्या सगळ्यांची नावं लिहायला घ्यावी, आणि कुणाच्या नावाआधी काय लिहायचं यावर तिने अडावं. चांगदेव अडले तसंच. तो कागद पुढे कुठेतरी पुन्हा सापडू द्या.

आता काळाविषयी. तुमची दाई सीताबर्डीची १८१७ ची लढाई पाहते, १८६७ साली पहिली आगगाडी पाहते, १८७७ ला एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकते, १९२० च्या काँग्रेस अधिवेशनाला जाऊन येते. एवढ्या ठिकाणी एकच माणूस नेमकं हजर असलं की ते माणूस राहत नाही, फलक होतं. खरी बाई त्या दिवशी कुणाच्या तरी बाळंतपणात अडकलेली असते. टेकडीवर तोफा वाजत असतात आणि हिचं लक्ष पाणी तापलं का याकडे. १९१८ च्या तापाची साथ मात्र तिच्याकडे असू द्या, कारण त्या साथीत सुइणीला घरोघर जावं लागलं असणार, आणि तिला स्वतःला काही होत नव्हतं. शेजारणींनी तिच्याकडे कसं पाहिलं असेल? एक पान त्यावर खर्च करा. रेशनकार्ड, आधार, जन्मतारीख, म्हातारी होत नाही म्हणून दर तीस वर्षांनी मोहल्ला बदलणं, हे सगळं तुम्ही मजेत लिहिलंय, ते राहू द्या, पण निम्मं करा.

तिच्या बोलण्यात तुम्ही जागोजागी 'जी सरकार' पेरलंय. ते काढा. दोनशे वर्षं नागपुरात राहिलेली बाई आज आजूबाजूला बोलतात तशीच बोलेल. 'काऊन रडून राहिला?' असंच विचारेल. फक्त जुन्या काळाचा एखादा शब्द तिच्या तोंडात अडकून राहिलेला असेल. मी तिला 'घटका' देईन. ती वेळ मिनिटांत सांगत नाही. 'दोन घटका थांब, भात शिजून राहिला.' एक घटका २४ मिनिटांची. नर्सची वेळ सलाइनच्या थेंबांत, दाईची घटकांमध्ये, मुंज्याची पिंपळाच्या पानगळीत, आणि योगी घड्याळाकडे बघतच नाही. एकाच स्वयंपाकघरात चार वेळा चालू आहेत. हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही, फक्त प्रत्येकाला त्याची वेळ द्या.

दुसऱ्या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा देते आहे.

तुमच्या अकराव्या प्रकरणात योगी म्हणतो, 'आता आपण सारे एक कुटुंब आहोत.' हे वाक्य काढा. आपल्याकडे नातं असं जाहीर होत नाही. आपल्याकडे त्यासाठी एक क्रियापद आहे, मानणं. मानलेला भाऊ, मानलेली लेक. आणि मानलं की लगेच कामं वाटली जातात. रात्रपाळीहून आलेल्या मुलीसाठी पोळ्या कापडात गुंडाळून कोण ठेवतं? मे महिन्यात कूलरच्या टाकीत बादल्या ओतायची पाळी कुणाची? पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात या पाळीवरून सख्ख्या भावांची भांडणं होतात, आणि तुमच्या वाड्यात कूलरच नाही! आणा. योग्याला उकाडा जाणवत नाही, मुंज्याला अंगच नाही, दाईने दोनशे उन्हाळे वाळ्याच्या पडद्यावर काढलेत. कूलर लागतो फक्त मर्त्य मुलीला. आणि तरी एका रात्री ती येते तेव्हा टाकी भरलेली असते. कुणी भरली ते सांगू नका. फरशीवर बादलीचा ओला गोल उमटलेला दिसू द्या.

पूर्वी एका लेखकाला मी स्वयंपाकघरातली सगळी प्रकरणं काढायला लावली होती, गोष्ट पुढे सरकत नाही म्हणून. पुस्तक चपळ झालं आणि त्यातल्या माणसांचं एकमेकांशी काही देणंघेणं उरलं नाही. तेव्हापासून मी असल्या पानांना हात लावताना फार जपते.

पण रोजच्या कामांनी माणसं जवळ येतात, एवढंच. ती एकमेकांची झाली की नाही हे आपल्याकडे मरणाच्या दिवशी कळतं. तिरडीला खांदा कुणाचा, मडकं कुणाच्या हातात, दहा दिवस सुतक कुणाला, तेराव्याला गोड कोण खाणार. हा सगळा हिशोब रक्ताने आणि गोत्राने ठरलेला असतो. मित्राला सुतक नसतं, तो घरी येऊन आंघोळ करतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातो. म्हणून ज्याला सुतक नाही त्याने सुतक धरलं, तर मराठी वाचकाला जे कळायचं ते एका क्षणात कळतं. लेखकाला एवढं धारदार हत्यार सहज मिळत नाही.

मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गल्लीत एक मावशी एकट्या राहत. रक्ताचं कुणी नाही. रोज संध्याकाळी समोरच्या तेलाच्या दुकानात बाकावर बसायच्या, दुकानदार त्यांच्यासाठी अर्धा चहा मागवायचा. त्या गेल्या तेव्हा मडकं कुणी धरायचं यावर अंगणात कुजबुज सुरू झाली. दुकानदाराने काउंटरचा गल्ला बंद केला, चपला काढल्या आणि पुढे आला. गुरुजींनी विचारलं, 'नातं काय?' तो म्हणाला, 'रोज चहा प्यायचो.' गुरुजी क्षणभर थांबले आणि पुढचा मंत्र म्हणायला लागले. दहा दिवस दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. दाढी वाढलेली. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. फांदीवर चार बसलेले, एकही खाली येईना. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून उरकून टाकू असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा दुकानदार पिंडाजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, 'मांजरीचं मी पाहीन.' त्याला तो आवाज कुणी ऐकू नये असं वाटत होतं हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. कावळा आला. योगायोग असेल, मला त्यात पडायचं नाही. पण त्या माणसाला दहा दिवस एकच विचार होता, हिचं काय राहिलं असेल? एवढा विचार सख्खे करतातच असं नाही.

हे आता तुमच्या वाड्यात नेऊन पाहा. तुमच्या अमरांना पिंडाजवळ बसून अंदाज करावा लागणार नाही, कारण मेलेल्याचं काय राहिलं ते त्यांना दिसतं. दाईने शेकडो पिंड पाहिले असतील, प्रत्येक वेळी तिला खरं उत्तर माहीत असेल आणि प्रत्येक वेळी ती गप्प बसली असेल, कारण नातेवाईक भलतंच काही कबूल करत होते. मुंजा आणि घाटावरचे कावळे यांची ओळख असायला हवी, दोघं एकाच फांदीवरचे. जुन्या कथांत काकभुशुंडी हा कावळाच चिरंजीव आहे. तुमच्या खेळकर सुराला इथे किती जागा आहे पाहा, आणि हसता हसता वाचक नेमका पिंडाजवळ येऊन उभा राहतो.

एक गोष्ट मात्र डोळ्याआड करू नका. तुमची नर्स उत्तर नागपूरची, आणि तिच्या घरी बुद्धवंदना होते असं तुम्ही पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ज्यांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्यातल्या कुणाची तरी ती नात. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही त्यातलीच एक प्रतिज्ञा. तिला कावळ्यापुढे हात जोडायला लावाल तर तिच्या आजीचा अपमान होईल, आणि नागपूरचा वाचक पुस्तक तिथेच मिटेल. उलट यातून तुम्हाला एक सुंदर पेच मिळतो. या घरात कुणी गेलं तर निरोप कुणाच्या रीतीने? दाईची रीत जुनी, योग्याची त्याहून जुनी, मुलीची रीत वयाने सगळ्यांत लहान पण कष्टाने कमावलेली. त्यांनी स्वयंपाकघरात बसून हे ठरवावं. मोठ्या आवाजात ठरवावं. मला हे प्रकरण वाचायची फार इच्छा आहे.

आणि हेही पाहा, या घरात मरणाची जाणकार ती एकटीच आहे. अमरांनी मरणं पाहिलीत, तिने हाताळलीत. शेवटचा श्वास झाला की ती घड्याळ बघून वेळ लिहिते, सुई काढून कापसाचा बोळा दाबून धरते, हनुवटीला पट्टी बांधते, बांगड्या मोजून नातेवाइकांच्या हातात देते आणि सही घेते. मग कॅन्टीनमध्ये जाऊन आलूबोंडा खाते, कारण पुढचे सहा तास अजून काढायचे असतात. तुमच्या हस्तलिखितात ती दवाखान्यातून येते आणि दवाखान्याला जाते, आतलं काहीच नाही. दोन रात्री आतल्या लिहा.

ताण कुठून येईल, हा तुमचा पहिला प्रश्न होता. तो पिंपळावर बसलेला आहे आणि तुम्ही त्याला विनोदाचं पात्र करून ठेवलंय.

मुंजा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, तरी नीट पुन्हा पाहू. ज्याची मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो गेला, तो मुलगा. अर्धवट सुटलेल्या संस्काराचं पोर. मग त्याला मोकळं करायला काय हवं? सोडमुंज. इतकं साधं. तुमच्या कादंबरीत हे कुणाच्याही डोक्यात येत नाही, आणि मला दुसऱ्या वाचनात वाटलं, येत नाही असं नाही, सगळे मुद्दाम आणत नाहीत. दाईला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. ती बोलत नाही, कारण तो गेला तर अंगणात कोण खेळणार. योग्याला मंत्र येतात, तो म्हणत नाही. दोघांनी प्रेमापोटी त्या पोराला अडकवून ठेवलंय. हे मर्त्य मुलीला कळतं तेव्हा तुमच्या कादंबरीचा अर्धा भाग सुरू होतो. ती रोज दवाखान्यात अशी माणसं पाहते, ज्यांचे नातेवाईक सोडायला तयार नसतात. तिला या घरातलं प्रेम ओळखू येईल आणि त्यातला अन्यायही. ती बोलली तर घर मोडेल, गप्प बसली तर पोर आठ वर्षांचंच राहील. एवढा ताण तुम्हाला पुरेल.

सोडमुंजीचा विधी जवळून पाहा, त्यात तुमच्यासाठी सगळं मांडून ठेवलेलं आहे. कमरेची मेखला सोडतात, दंड ठेवतात, मुलाला नवे कपडे, डोक्याला टोपी किंवा पगडी. मग बटू छत्री घेऊन, पायात जोडे घालून म्हणतो, मी काशीला चाललो. दोन-चार पावलं खरोखर जातो. तेव्हा मामाने पुढे होऊन अडवायचं, जाऊ नकोस, माझी मुलगी तुला देतो म्हणायचं, आणि सगळ्यांनी हसायचं. घरोघरी हा गमतीचा भाग असतो. तुमच्या वाड्यात मामा कोण? योगी. ज्याने स्वतःचा काळ शेकडो वर्षं अडवून धरला, त्याला मामाच्या जागी उभं करा. मुलगा छत्री घेऊन दिंडी दरवाजाकडे निघालाय. रीतीप्रमाणे मामाने अडवायचंय. अडवलं तर तो राहतो. या वेळी योग्याला बाजूला व्हायचंय.

यात नर्सने विधीत भाग घ्यायची गरज नाही. ती ओट्यावर उभी असू दे. पोराने तिच्याकडे वळून विचारावं, 'येऊ?' आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे त्याला दाईने शिकवलेलं असणार.

हे प्रकरण चैत्रात ठेवा. पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते आणि घरोघरी कूलर बाहेर काढून गवत बदलण्याचं काम चाललेलं असतं. नर्सच्या हाताला त्या गवताचा वास असू दे. विधीच्या वेळी उदबत्तीपेक्षा तोच वास सांगा.

हसण्याविषयी तुम्ही उगीच घाबरताय. आपल्याकडे मरणाच्या दारातही पाहुणचार चुकत नाही. कठोपनिषदात नचिकेत यमाच्या घरी जातो तेव्हा यम घरी नसतो. पोरगा तीन रात्री उपाशी दारात. यम परत येतो आणि कासावीस होतो, पाहुणा उपाशी राहिला! त्याची भरपाई म्हणून तीन वर देतो. मृत्यूच्या देवाला घरधन्याची लाज वाटते, यात जे हसू आहे ते मरणाला जराही हलकं करत नाही. तुमचा विनोद जिथे असा रीतीभातीतून येतो तिथे तो उत्तम आहे. योग्याने वीज कंपनीच्या माणसाला पाटावर बसवून पाय धुवायला पाणी दिलं, तो प्रसंग मी तीनदा वाचला. जिथे तो आजच्या मोबाइलवरच्या थट्टेसारखा होतो तिथे मात्र दोन वर्षांत शिळा होईल. मुंज्याचे रील्सवरचे दोन्ही प्रसंग काढाच.

त्या जागी मारबत आणा. नागपूरची कादंबरी, वाडा महालात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबतींचा, म्हणजे मिरवत नेऊन जाळतात त्या पुतळ्यांचा, उल्लेखही नाही! त्याच दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार. मुंज्याकडे बैल आहे का? कुणी करून दिला? त्याची चाकं कितीदा बदलली? आणि इंग्रजांना मिळाली म्हणून काळी मारबत जिच्या नावाने निघते असं सांगतात, त्या भोसल्यांच्या राणी बांकाबाईंच्या वाड्यावर तुमच्या दाईने चाकरी केलेली असू शकते. सगळं शहर 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतंय, आणि गर्दीत एक बाई उभी आहे जिला ती बाई माणूस म्हणून आठवते. पायाला तेल लावून दिलेलं आठवतं. ती काय करेल? माझ्या मते ती दरवर्षी जाते. ओरडत नाही, पण जाते, आणि घरी येऊन आंघोळ करते. नर्स विचारते, 'आत्ता कशाची आंघोळ?' आणि दाई पहिल्यांदा तिला आपल्या घरातल्या एका मरणाविषयी सांगते. सुरुवातीला म्हटलं ते एकच मरण इथे बसेल.

शेवटी कामाचा क्रम. पहिल्या प्रकरणापासून दुरुस्त्या सुरू करू नका, दमून जाल. आधी सोडमुंजीचं प्रकरण लिहा, सगळा जीव ओतून. मग मारबतीचं. मग स्वयंपाकघरातलं भांडण. ही तीन हातात आली की मागे जाऊन पाहा, आधीच्या पानांत त्यांच्यासाठी काय काय ठेवावं लागतंय: मेखला, छत्री, लाकडी बैल, वहीचं पान, बादलीचा ओला गोल. तिसरं आणि सातवं प्रकरण तेव्हा आपोआप गळून पडतील असं मला वाटतं. योग्याच्या मागच्या जन्मांची ती आठ पानंही जाऊ द्या.

पोळ्याच्या आत ही तीन प्रकरणं झाली तर मला पाठवा. मारबतीच्या दिवशी आपण दोघी इतवारीत जाऊन उभ्या राहू. गर्दीत एखाद्या न ओरडणाऱ्या म्हातारीचा चेहरा तुम्हाला पाहायला मिळेल, तिचं वर्णन मग तिथूनच घ्या.